कचरा कुणी ठरवायचा?

मंडळी, आजचा विषय चिलटं. हो, तीच! आमच्या बुलढाण्याकडे सीताफळाच्या दिवसांत, फळ जरा जास्त पिकलं की त्याभोवती घोंघावणारी. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात आणि शंभरहून जास्त वर्षं त्यांच्यावर संशोधन करतायत. हे गावी सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "चिलटं अभ्यासून काय मिळणार?" ह्या प्रश्नावर माझं उत्तर आहे गोल आरएनए.

जनुक म्हणजे सोर्स कोड समजा. पेशी त्याची आरएनए नावाची प्रत काढते. त्या प्रतीत एक्झॉन नावाचे तुकडे असतात आणि त्यांच्यामधे इंट्रॉन. पेशी इंट्रॉन कापून टाकते आणि एक्झॉन क्रमाने जोडते: पहिल्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. पण कधी कधी एखाद्या एक्झॉनचं शेपूट त्याच्याच डोक्याला चिकटतं. झाली बांगडी तयार! साधा आरएनए टोकापासून कुरतडला जातो. बांगडीला टोकच नाही, कुरतडणार कुठून? म्हणून ती जास्त टिकते.

अशा बांगड्या १९७९ मधेच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या होत्या. पण बरीच वर्षं त्यांना कापाकापीतली चूक मानलं गेलं. त्यात आपल्या साधनांनीही हातभार लावला. आरएनए मोजताना बहुतेक वेळा शेपटाला 'ए' ह्या अक्षराची माळ असलेलेच रेणू निवडले जायचे. बांगडीला शेपूट नाही, म्हणजे ती पहिल्याच चाळणीत बाद. त्यातून निसटली तर सॉफ्टवेअर होतंच. तुकडे उलट्या क्रमाने जुळले की ते 'मॅच नाही' म्हणून फेकून द्यायचं. आपल्यापैकी अनेकांना ही फिल्टरची ओळ ओळखीची वाटेल :)

२०१२ च्या सुमारास काहींनी चाळणी बदलली आणि बांगड्यांचा ढीग सापडला. २०१४ मधे न्यूयॉर्कच्या एरिक लाय ह्यांच्या गटाने चिलटांच्या आरएनएचे दहा अब्जांहून जास्त तुकडे चाळले. २,५०० हून जास्त बांगड्या निघाल्या, आणि चिलटाच्या मेंदूत त्या वयाबरोबर वाढतात हेही दिसलं.

त्याच वर्षी जेरुसलेमच्या सेबॅस्टियन काडेनर ह्यांच्या गटाने मसलब्लाइंड ह्या जनुकाची गोष्ट उलगडली. ह्या जनुकापासून बनणारं प्रथिन त्याच जनुकाच्या आरएनएवर, दुसऱ्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसतं आणि बांगडी घडवतं. जी प्रत बांगडीत गेली तिच्यापासून नेहमीचा आरएनए बनत नाही. म्हणजे प्रथिन जास्त झालं की बांगड्या वाढणार आणि नवं प्रथिन कमी होणार. हा चक्क फीडबॅक लूप झाला! आणि माणसातली ह्याच घराण्यातली प्रथिनं मायोटोनिक डिस्ट्रॉफी ह्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारात अडकून पडतात. "काय मिळणार?" ला ह्याहून सरळ उत्तर काय देणार?

बांगडीची युक्ती चिलटांपुरतीही नाही. २०२० च्या जूनमधे आमचं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे आर्किया सापडले. त्यांच्याच नात्यातल्या, मृत समुद्रातून मिळालेल्या एका आर्कियात कापलेल्या इंट्रॉनची टोकं जोडून बांगडी होते. रीत वेगळी, पण आकार तोच.

मग प्रत्येक बांगडी मोलाची का? मुळीच नाही. बऱ्याच बांगड्या अगदी मोजक्या असतात, आणि काही खरोखरच चुका असतील. माझं म्हणणं एवढंच, की 'चूक' हा शेरा तपासणीनंतर मारावा, चाळणीत आधीच लिहून ठेवू नये. कच्चा डेटा जपा, फेकलेल्या ओळी अधूनमधून उघडून बघा. आणि चिलटांवर काम करणाऱ्याला "उपयोग काय?" विचारायची घाई करू नका. तो प्रश्नही एक चाळणीच आहे, आणि तिच्यातून काय गळून जातं ते आपल्याला कधी कळतच नाही.