नेताजींची पाणबुडी आणि तिच्या पोटातलं विमान

मंडळी, २३ जानेवारी आली की नेताजींच्या पाणबुडी प्रवासावर भाषणं ठरलेली. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. त्यामुळे पाणबुडी म्हटलं की पोरं कान टवकारतात. वक्ते मात्र "जपानी पाणबुडी आली आणि नेताजी गेले" एवढ्यावर उरकतात. जणू स्टँडवर लागलेली एस.टी.च! माझा आक्षेप आहे तो यालाच.

ती पाणबुडी म्हणजे आय-२९. लांबी सुमारे १०९ मीटर, आणि तिची बांधणीच विमान वाहून नेता येईल अशी. मनोऱ्यापुढे पाणी न शिरणारी एक कोठी. तिच्यात पंख, शेपटी आणि पाण्यावर उतरायचे तरंगे सुटे करून ई१४वाय जातीचं दोन माणसांचं विमान ठेवायचं. पाणबुडी वर आली की ते जोडायचं आणि कॅटापल्टने हवेत फेकायचं. टेहळणी करून ते समुद्रावर उतरलं की क्रेनने उचलून परत सुटं करायचं. तोवर पाणबुडी उघड्यावर!

२३ मे १९४२ ला याच आय-२९ च्या विमानाने सिडनीवर टेहळणी केली. आय-२१ च्या विमानानेही नंतर तिथे चक्कर मारली. ३१ मेच्या रात्री तीन बुटक्या जपानी पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या. 'कुट्टाबुल' या जहाजावरचे २१ नौसैनिक मेले. आत घुसलेल्या तिन्ही पाणबुड्यांमधला एकही माणूस परतला नाही.

पुढे ११ महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ ला, मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात नेताजी आणि आबिद हसन जर्मन यू-१८० वरून रबरी तराफ्याने याच आय-२९ वर आले. ६ मेला साबांगला उतरले.

"हे कशाला उकरायचं? नेताजींना कमीपणा येतो," असं म्हणणारे आपल्याच नातेवाईकांत आहेत. कमीपणा कसा येतो बुवा? ज्याची नाव आपल्यासाठी बांधलेली नव्हती, ज्याला स्वतःचं साम्राज्य वाढवायचं होतं, त्याच्या नावेत पाय ठेवायचा आणि डोळ्यासमोर मात्र आपला देश ठेवायचा, यात केवढी जोखीम होती! ती जोखीम लपवली की नेताजी भाबडे ठरतात आणि जपान निव्वळ परोपकारी. दोन्ही खोटं.

आय-२९ चा शेवटही कुणी सांगत नाही. २६ जुलै १९४४ ला 'सॉफिश' या अमेरिकन पाणबुडीने तिला फिलिपिन्सच्या उत्तरेला बुडवलं. जवळजवळ सगळे खलाशी तिच्याबरोबर गेले.

असो. पुढच्या २३ जानेवारीला कुणी भाषण करणार असाल, तर पोरांना त्या कोठीतलं विमानही दाखवा. त्यांना ते नक्की आवडेल. आणि ते विमान कुणावर नजर ठेवायला होतं, हेही त्याच दमात सांगा.