एफएसएचचा आकडा आणि बीजपुटकाचा प्रतिसाद

“एफएसएच अठ्ठावीस होते, तीन महिन्यांच्या चिकित्सेने अकरावर आले,” अशा धर्तीचे अनुभवकथन आपल्या चर्चासत्रांतून वरचेवर ऐकावयास मिळते आणि टाळ्याही पडतात. प्रस्तुत लेखकानेही एकेकाळी अशा टाळ्या घेतल्या आहेत. परंतु आकडा उतरला म्हणजे नेमके काय सुधारले, हे कोणी विचारीत नाही.

एफएसएच ही पीयूषिका ग्रंथीने बीजपुटकांस घातलेली साद होय. ग्रॅन्युलोसा पेशींच्या आवरणावरील ग्राही ती साद टिपतात, पेशीत चक्रीय एएमपी वाढते आणि थीका पेशींकडून आलेल्या अँड्रोजेनचे एस्ट्राडायॉल बनते. हे एस्ट्राडायॉल व इन्हिबिन पीयूषिकेस आवर घालतात. उत्तर आले नाही की साद मोठी होत जाते. आता बाहेरून एस्ट्रोजेन दिले तरीही एफएसएच उतरते. साद देणारा गप्प झाला, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्यास ऐकू येऊ लागले असे नव्हे.

ऐकणे का बंद पडते? काही वेळा ते स्वाभाविकच असते. एलएचच्या उसळीनंतर त्याच्या ग्राहींवर फॉस्फेट जोडले जाते, अरेस्टिन नामक प्रथिन त्यांस चिकटते, ग्राही पेशीच्या आत ओढले जातात आणि काही काळ पेशी निरुत्तर राहते. ही विकृती नव्हे. परंतु १९९५ साली फिनलंडमधील काही कुटुंबांत एफएसएच ग्राहीच्या जनुकातच दोष आढळला. अशा स्त्रियांत बीजपुटके असतात, एफएसएच वाढलेले असते, मात्र पुटके वाढत नाहीत. अशा बीजकोशास इंजेक्शनद्वारे दिलेल्या एफएसएचचाही उपयोग होत नाही. अपक्व बीज काढून प्रयोगशाळेत पक्व करण्याच्या मार्गाने काहींना अपत्यप्राप्ती झाली आहे.

ही अवस्था विरळा. बहुसंख्य रुग्णांत पुटकेच संपत आलेली असतात, म्हणजे ऐकणाराच उरलेला नसतो. एफएसएच दोहोंत वाढते. भेद कळतो तो एएमएच आणि सोनोग्राफीतील पुटकसंख्येवरून. सुश्रुताचार्यांनी ऋतु, क्षेत्र, अंबु, बीज असे चार घटक सांगितले. बीज आहे पण जागे होत नाही आणि बीजच सरले, या दोन अवस्थांना ‘स्रोतोरोध’ हे एकच लेबल लावून सरसकट फलघृत व बस्ती देणे ही चिकित्सा नव्हे, सवय आहे.

हे लिहिताना एक भगिनी डोळ्यांसमोर आहे. वय सदतीस. मी तिला चौदा महिने औषध दिले. एफएसएच उतरत होते, ती आनंदात होती, मीही होतो. एएमएच तपासण्याचे मला सुचले ते पंधराव्या महिन्यात, आणि ते जवळजवळ शून्य आले. “आधी का नाही तपासलंत, वैद्यराज?” एवढेच ती म्हणाली. आरंभीच तपासले असते तर तिला निदान निर्णय घेण्यास अवधी मिळाला असता.

म्हणून या त्रैमासिकाकडे रुग्णवृत्त पाठविणाऱ्या वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे. रजःस्रावाच्या कितव्या दिवशी रक्त घेतले ते लिहावे. त्याच नमुन्यातील एस्ट्राडायॉल नोंदवावे, कारण ते वाढलेले असल्यास एफएसएच फसवे उतरलेले दिसते. एएमएच व पुटकसंख्या चिकित्सेपूर्वीची असावी. आणि पस्तिशी उलटलेल्या स्त्रीस किती महिने थांबविणार, ते पहिल्याच भेटीत तिला सांगून केसपेपरवर लिहून ठेवावे.