ध्रुवाचे बर्फ आणि नागपूरचे तलाव

लकडगंजच्या वखारींत दूरदूरच्या रानांतील लाकूड येऊन पडते. त्या रानांचे बरेवाईट झाले की येथील भाव हलतो. व्यापाऱ्यांस पुरते ठाऊक असलेले हे सत्य निसर्गाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. उत्तर ध्रुवाकडील बर्फ वितळल्याची वार्ता आली, की तिच्याशी नागपूरचा काय संबंध, असे म्हणून आपण पान उलटतो. हा संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे.

१९७९ पासून ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापत आहे. कॅनडातील पश्चिम हडसन उपसागराच्या परिसरात १९८७ साली सुमारे १,२०० पांढरी अस्वले होती. २०२१ च्या पाहणीत ती ६१८ च्या आसपास भरली. ज्या बर्फावर उभे राहून ती सीलची शिकार करतात, तेच आता लवकर विरते. सैबेरियाच्या तैमीर द्वीपकल्पातही बर्फ लवकर वितळते व किडामुंगीचा हंगाम पिलांच्या जन्माआधीच सरू लागतो. तेथील 'नॉट' पक्ष्याची पिले त्यामुळे खुरटतात, त्यांची चोच आखूड राहते आणि हिवाळ्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चिखलातील खोलवरचे शिंपले त्यांच्या हाती लागत नाहीत, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले.

विदर्भाच्या तलावांकाठी हिवाळ्यात चिखल टिपणारा, चिमणीहूनही लहान असा 'लिटल स्टिंट' उत्तरेच्या त्याच ओसाड टुंड्रात अंडी घालतो. तेथून पाहुणा येतो आणि येथून धूर जातो. कारण हवा तापविणाऱ्या वायूंत कोराडी व खापरखेडा येथे जळणाऱ्या कोळशाचाही वाटा आहे. कोराडीस ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी २०२३ साली जनसुनावणी झाली. अशा प्रसंगी राख आणि पाणी यांच्या जोडीला या दूरच्या हानीचाही हिशेब मागितला गेला पाहिजे.

दिवे मालवा, असे आमचे म्हणणे नाही. पण सुशोभीकरणाच्या नावाखाली तलावांचे उथळ काठ दगड-सिमेंटने बांधून काढणे आणि त्यांत सांडपाणी सोडणे, एवढे तरी महापालिकेने थांबवावे व नागरिकांनी थांबवून घ्यावे. ध्रुवाचे बर्फ राखणे एकट्या नागपूरच्या हाती नाही. पण उपाशी वाढलेल्या पाखराला येथे पोटभर अन्न मिळावे, हे पूर्णपणे आपल्याच हाती आहे.