थोडक्यात वाचलो, मग पुढे?

8 जून 2024 चा मुंबई विमानतळावरचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. धावपट्टी एकच. तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान पुढे जमीन सोडतंय आणि त्याच्या पाठोपाठ इंदूरहून आलेलं दुसरं विमान चाकं टेकवतंय. कुणाला साधं खरचटलंही नाही. आपण 'बापरे' म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड केला. तिकडे चौकशी लागली, संबंधित हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं आणि आपल्यापुरता विषय संपला.

खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा. उतरण्यासाठी रांगेत असलेल्या दोन विमानांमध्ये रडारवर साधारण 3 सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर लागतं. ते नसेल तर उंचीत 1000 फुटांचा फरक हवा. साडेपाच किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतात, पण उतरणाऱ्या विमानाच्या वेगाने ते सव्वा मिनिटात संपतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला 900 हून अधिक उड्डाणं आणि लँडिंग. म्हणजे चुकायला जागाच फार थोडी.

अशी चूक होऊनही सगळे वाचतात, तेव्हा आपण 'नशीब' म्हणतो आणि पुढे जातो. त्याची किंमत काय असते, हे जपानच्या एका घटनेवरून कळतं.

31 जानेवारी 2001. जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमानं जवळ आली. नियंत्रण कक्षात एक शिकाऊ नियंत्रक काम करत होता. त्याच्याकडून उड्डाण क्रमांकांची गफलत झाली आणि खाली उतरण्याची सूचना भलत्याच विमानाला गेली. त्याच वेळी त्या विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र, टीकॅस, सांगत होतं 'वर जा'. वैमानिकाने माणसाचं ऐकलं. समोरचं विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. शेवटच्या क्षणी टक्कर टळली. सुमारे 100 जण जखमी झाले, पण दोन्ही विमानांतले 677 जण वाचले.

जपानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे प्रश्न मांडला: यंत्र एक सांगतं, माणूस दुसरं, तर ऐकायचं कुणाचं? ठाम उत्तर वेळेत आलं नाही. सतरा महिन्यांनी, 1 जुलै 2002 च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं समोरासमोर आली. यंत्र म्हणालं वर, नियंत्रक म्हणाला खाली. तोच पेच! या वेळी 71 माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. त्या रात्री झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच माणूस दोन टेबलं सांभाळत होता. त्यानंतर मात्र जगभर नियम स्पष्ट झाला: आधी टीकॅसचं ऐका.

आपलीही कथा वेगळी नाही. 12 नोव्हेंबर 1996 रोजी दिल्लीजवळ चरखी दादरीवर येणारं आणि जाणारं विमान धडकलं, 349 जण गेले. येणारं कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हवाई मार्ग एकच होता आणि नियंत्रकाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. वेगळे मार्ग, नवं रडार, टीकॅसची सक्ती, हे सगळं नंतर झालं.

म्हणून एखाद्याला घरी बसवलं की प्रश्न सुटला, हे आम्हाला पटत नाही. जपानमध्ये त्या दोन नियंत्रकांवर खटला चालला, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दोषी ठरवलं. बेपर्वाईला शिक्षा हवीच. पण प्रामाणिक चुकीलाही तीच शिक्षा मिळणार असेल, तर उद्या कोण स्वतःहून सांगेल की 'आज माझ्या हातून अंतर कमी झालं'? न सांगितलेली चूक पुन्हा होते, आणि दरवेळी नशीब ड्युटीवर असतंच असं नाही. थोडक्यात वाचलेल्या प्रत्येक घटनेची कारणं सोप्या भाषेत लोकांसमोर यावीत. नियंत्रकाच्या चुकीसोबत त्याची झोप, पाळी आणि सोबतीला किती माणसं होती, हेही विचारलं जावं.

यात तुमचा काय संबंध? फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग करणाऱ्यांमधूनच हे नियंत्रक निवडले जातात. प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात त्यांचं प्रशिक्षण होतं. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या त्या खुर्चीत बसेल. बाकीचे लॅबमध्ये, साइटवर, हॉस्पिटलात असतील. तिथेही एखादी वायर तापेल, एखादं औषध देता देता राहून जाईल, आणि कुणीतरी म्हणेल, 'जाऊ दे रे, काही झालं तर नाही ना!'

तेव्हा जाऊ देऊ नका. काही झालं नाही, म्हणूनच बोलायला वेळ आहे.