बेसूर कोण?

स्वस्त बासरी घेणाऱ्याला तिच्याबरोबर आपल्या कानाबद्दलचा संशय फुकट मिळतो. शिकणारा लहान असला तर तो संशय घरची माणसेच पुरवतात. माझी भाची डब्लिनला असते. तिने लेकीला तिकडची आयरिश बासरी स्वस्तात घेऊन दिली आणि दोन महिन्यांत मला विचारले, "मामा, हिला सूरच नाही. शिकवणी बंद करू का?" मी म्हटले, आधी बासरीची झडती घे, मग मुलीची.

ही आपल्या बासरीची मावसबहीणच. आडवी, लाकडी, सहा भोकांची. १८४७ साली थिओबाल्ड ब्योमने धातूची, चाव्यांची नवी फ्लूट काढली. पुढे वाद्यवृंदांनी टाकलेल्या जुन्या लाकडी फ्लूट आयर्लंडच्या खेड्यांत स्वस्तात पोचल्या. सगळी भोके झाकून निघतो तो 'डी', म्हणजे आपली पांढरी दोन. आपण सा वरची तीन भोके झाकून धरतो, म्हणून आपल्या हिशेबाने ही पांढरी पाचची बासरी.

आता बेसुराकडे. पहिला चोर गारठा. बासरीतली हवा दहा अंशांनी थंड असली, तर अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा उतरतो. तेव्हा पाच-दहा मिनिटे फुंकून बासरी ऊबदार करावी. दुसरा चोर ओठ. नवशिके भीत भीत फुंकतात आणि फुंकायचे भोक ओठाखाली निम्मे झाकतात. मग सगळेच सूर खाली येतात. बासरी किंचित बाहेर वळवून फुंकर बारीक पण जोरकस केली, की ते चढतात.

मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा मला मुळीच पसंत नाही. मुले काट्याकडे बघत सूर ओढतात आणि कान बसतो रिकामा. त्याच मोबाइलवर तंबोरा लावावा आणि डोळे मिटून त्यात सूर मिसळावा. भाचीच्या लेकीने तसे केले. सारे सूर जागेवर आले, एक सोडून: खालची दोन भोके उघडल्यावर निघणारा एफ शार्प. शेजारच्या मुरलेल्या वादकाने फुंकून पाहिले, तर त्याच्या हातीही तो उतरलेलाच! या घाटाच्या बासरीत तो सूर पुष्कळदा उतरतो, कारण भोके बोटांच्या आवाक्यात बसवण्यासाठी तडजोड करावी लागते. मुलगी पहिल्यापासून त्याच सुरावर अडखळत होती. कान तिचाच खरा होता.

खालचा आणि वरचा तोच सूर जुळत नसेल, तर डोक्याकडचे बूच पाहावे. ते फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून साधारण १९ मिलिमीटरवर असावे. स्वस्त मालात ते कुठेही ठोकलेले असते. बूच घरी सरकवता येते. भोक रुंद केले तर सूर चढतो हे खरे, पण कानस घेऊन बसू नका. ते काम कारागिराकडे द्यावे. तोवर त्या एका सुराला बासरी जरा बाहेर वळवावी.