कागद दिले, हक्क दिले का?

भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’चे स्कॅन नेटवर शोधले तर सापडतात. पाच खंड, 1930 ते 1962, सहा हजारांहून जास्त पानं. चांगलंच आहे. पण कायद्याच्या इतिहासकाराचं सगळं काम छापील पुस्तकात येत नाही. टिपणं, पत्रं, समासातली खाडाखोड, कुठला निवाडा घेतला आणि कुठला सोडला, हे कागदांच्या गठ्ठ्यात राहतं.

काण्यांचंच बघा. मुंबई हायकोर्टातले वकील. ‘व्यवहारमयूख’ संपादित करायला बसले (ती आवृत्ती 1926 ला आली), सोबत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा असं मनात आलं, आणि त्या ‘थोड्या’चे पुढे पाच खंड झाले! आणि मयूख ही काही कपाटातली पोथी नव्हती. मुंबई बेट, गुजरात, उत्तर कोकण इथे हिंदूंच्या वारशाचे खटले इंग्रजी अमलातही त्याच्या आधारे चालायचे. बहिणीला वाटा मिळणार की नाही, ते 17व्या शतकातल्या ग्रंथावरून ठरायचं.

आता असे कागद ग्रंथालयाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करावेत, असं आपण सहज म्हणतो. अडचण स्कॅनरची नाही, कॉपीराइटची आहे. हयातीत छापलेल्या पुस्तकांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. काणे 1972 ला गेले, म्हणजे 2032 अखेरपर्यंत. पण जे हयातीत छापलंच नाही, त्याची 60 वर्षं ते प्रसिद्ध झाल्यावर सुरू होतात. म्हणजे पत्रं गठ्ठ्यात पडून राहिली तर घड्याळ चालूच होत नाही. तोवर हक्क वारसांचा, आणि तिसऱ्या पिढीत वारस शोधायचे कुठे? एक पुण्यात, एक अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही.

घरचे लोक आजोबांचे कागद ग्रंथालयाला देतात, फोटो निघतो, शाल-श्रीफळ होतं. कागद दिले म्हणजे हक्क दिले, असं कायदा मानत नाही. ते लेखी लागतं. आणि कागद एकाच जागी ठेवण्यातला धोका आपण पाहिलाय. काण्यांचे खंड छापणाऱ्या भांडारकर संस्थेतच 5 जानेवारी 2004 ला काय झालं, ते पुणेकरांना सांगायला नको.

तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या वकिलाच्या, न्यायाधीशाच्या, अभ्यासकाच्या ट्रंका आहेत, त्यांनी देताना सोबत एक पान जोडा: स्कॅन करून सर्वांना खुलं करायला आमची परवानगी आहे. खाली सगळ्या वारसांच्या सह्या. आत्ताच घ्या, सगळे जण फोनवर सापडतायत तोवर.