पिकअपला तेलाचा डबा : आधी इंजिन पाहा



गटागटांतून फिरताना आमच्याकडे विचारणा होते ती लागणीची, बेण्याची, तोडणीच्या तारखेची. अलीकडे तिच्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, पिकअपला ते ऑइल कॅच कॅन बसवावं का?" मोबाइलवर कोणीतरी डब्यातून काढलेले वाटीभर काळे तेल दाखवतो, ते पाहून आपल्या इंजिनातही एवढी घाण जाते की काय, म्हणून माणूस घाबरतो. काही सभासदांनी तर अशी सूचना केली आहे की, कारखान्याने हे डबे एकगठ्ठा आणून उधारीवर द्यावेत आणि ऊस बिलातून कपात करावी.

शेतकी खात्याने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण बेणे, रोपे, खत, दूध, फवारणीचा पंप, सारे आज पिकअपवरूनच जाते. ऐन लागणीत गाडी गॅरेजला लागली की तोडलेले बेणे बांधावर सुकते आणि उगवण मार खाते. शिवाय कपात बिलातून व्हायची तर चार शब्द बोलणे आमचे कामच आहे.

आधी हा डबा करतो काय ते पाहू. डिझेल इंजिनात हवा सुमारे १६ ते १८ पट दाबली जाते. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्या दाबातला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो. आपले मिस्त्री त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. खाली तेल उसळत असते, त्यामुळे हा वायू बाहेर पडताना तेलाचे तुषार, पाण्याची वाफ आणि काजळी बरोबर घेऊन निघतो. जुन्या जीपला तो सोडायला खाली रस्त्याकडे तोंड केलेली ब्रीदरची नळी असे, अनेक ट्रॅक्टरना ती अजून आहे. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ही नळी एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपाला जोडली गेली. म्हणजे इंजिनाने टाकलेला वायू इंजिनानेच परत ओढून जाळायचा. ज्या गाडीला ईजीआर आहे तिच्यात सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूरही परत आत घेतला जातो. त्या धुराची काजळी आणि ब्रीदरचे तेल मॅनिफोल्डमध्ये एकत्र आले की काकवीसारखा चिकट थर बसतो. कॅच कॅन ब्रीदरच्या वाटेत बसतो आणि तेल खाली साठवून वायू पुढे सोडतो. कल्पना चांगली आहे, यात वाद नाही. पण तो तेल अडवतो, काजळी अडवत नाही, हे विकणारा सांगत नाही.

असाच डबा आपल्या कारखान्यातही आहे. इव्हॅपोरेटरमध्ये रस उकळतो तेव्हा वाफेबरोबर रसाचे बारीक थेंब उडतात. ते अडवायला वरच्या अंगाला सेव्हॉल असतो. साखर कंडेन्सरच्या पाण्यात गेली की ती सभासदांच्या खिशातून गेली, म्हणून प्रयोगशाळा त्या पाण्याची अल्फा नॅप्थॉलने तपासणी करते. आता पाण्यात साखर सापडली तर केमिस्ट काय करतात? आणखी मोठा सेव्हॉल आणा, असे पहिल्या झटक्याला म्हणत नाहीत. बॉडीत रसाची पातळी चढली आहे का, व्हॅक्यूम एकदम खालीवर होतो आहे का, हे आधी पाहतात. पिकअपच्या बाबतीत मात्र आपण रेड्याला दुखणे आणि पखालीला डाग असा कारभार करतो.

ब्रीदरमधून तेल जास्त येत असेल तर पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. हंगामात आपल्या पाणंदीची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. ऊस वाहतुकीने फुफाटा उठतो तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर तुंबला की त्याच्या पुढच्या पाइपात ओढ वाढते आणि ती ओढ ब्रीदरमधून तेल खेचून घेते. फिल्टर फाटका असेल किंवा त्याची क्लिप नीट बसत नसेल तर धूळ सरळ सिलिंडरात जाते, रिंगा घासतात आणि बॅक कॉम्प्रेशन कायमचे वाढते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. काही ड्रायव्हर फिल्टर टायरवर आपटून साफ करतात. त्याने कागद फाटतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट तेलाच्या पातळीची. "थोडं वर असलेलं बरं" म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर तेल भरण्याची आपल्याकडे खोड आहे. मग क्रँक त्या तेलात आपटतो आणि तुषार दुप्पट उडतात. तिसरी गोष्ट वजनाची. एकराचे बेणे एकाच खेपेत नेण्याचा मोह आम्ही समजू शकतो. पण ओव्हरलोड गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढाला कण्हते तेव्हा सिलिंडरात दाब वाढतो आणि ब्रीदरचा धूरही वाढतो. शिवाय बऱ्याच नव्या इंजिनांत तेल वेगळे करण्याची सोय हेड कव्हरमध्येच दिलेली असते. तिचा रबरी पडदा फाटला असेल तर तो बदलला की काम भागते.

इंटरकूलरच्या पाइपात बोट फिरवले आणि बोट तेलकट झाले, एवढ्यावर घाबरून जाऊ नये. तेवढा ओलावा असतोच. पाइप उतरवल्यावर तेल ओघळून बाहेर आले तर मात्र डबा बाजूला ठेवावा आणि आधी कॉम्प्रेशन व टर्बो तपासून घ्यावा.

हे सगळे ठीक असूनही कोणाला डबा बसवायचाच असेल तर आमची हरकत नाही. ईजीआर असलेल्या, वॉरंटी संपलेल्या गाडीला त्याचा थोडाफार उपयोग आहे. ईजीआर नसलेल्या जुन्या इंजिनाला फारसा नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ च्या गाडीला वॉरंटीत असताना हात लावू नये. उद्या इंजिनाचे काही झाले तर कंपनी त्या डब्याकडेच बोट दाखवील.

डबा आतून रिकामा नसावा. दोन निपल जोडलेला नुसता पत्र्याचा डबा बाजारात भरपूर मिळतो, त्यात वायू एकीकडून येतो आणि दुसरीकडून तेलासकट निघून जातो. आत अडथळ्याचे पत्रे किंवा जाळी हवी. नळी तेल सोसणारी आणि मूळ नळीएवढ्याच बोअरची हवी. ड्रिपची लॅटरल किंवा फवारणी पंपाची नळी लावली तर ती गरम तेलाने मऊ पडते, आतल्या आत चिकटते, ब्रीदर कोंडतो आणि चेंबरमधला दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो. डबा टर्बोपासून लांब, थंड जागी, पक्क्या पट्टीवर बसवावा. तारेने बांधलेला डबा आपल्या रस्त्यावर चार दिवस टिकत नाही.

काही जण परतीची नळी काढून टाकून डब्याचे तोंड उघडेच ठेवतात. याला आमचा साफ विरोध आहे. पीयूसीवाल्याचे यंत्र सायलेन्सरचा धूर मोजते, त्याला हे कळत नाही, म्हणून ते चालते असे नव्हे. तो विषारी वायू केबिनमध्ये येतो आणि पाठीमागे दुधाच्या किटल्यांशेजारी बसलेल्या पोरांच्या नाकात जातो.

सगळ्यात मोठा धोका डबा न उपसण्याचा. भरलेल्या डब्यातले तेल चढावर किंवा खड्ड्यात एकदम हवेच्या पाइपात ओढले गेले तर इंजिन डिझेल सोडून तेच तेल पिऊन पळत सुटते. चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. बॉनेट उघडून डोके आत घालू नये, हवेच्या तोंडावर हात तर मुळीच लावू नये. हे टाळायचे तर सुरुवातीला दर आठवड्याला डबा उपसावा.

उपसलेले तेल मोजून, किलोमीटरसह वहीत लिहावे. डब्याचा खरा उपयोग आम्हाला दिसतो तो असा मापट्यासारखा. दर हजार किलोमीटरला येणारे तेल महिन्यामागून महिना वाढत चालले, तर रिंगांचे काम जवळ आले असे समजावे आणि ते लागणीच्या आधी उरकावे. थंडीत जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या डब्यात ताकासारखे पांढरट पाणी सापडते, ते बहुधा वाफेचे असते. तसाच रंग डिपस्टिकवर दिसला तर मात्र हेड गॅस्केट तपासावे. हे तेल परत इंजिनात ओतू नये, त्यात पाणी आणि आम्ल असते. वाळवीसाठी बांधावर किंवा विहिरीच्या काठावर तर नकोच. काळे तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे जाईपर्यंत ते बंद कॅनमध्ये साठवावे.

राहिली कपातीची सूचना. निर्णय संचालक मंडळाचा आहे. आमची शिफारस अशी की, डब्यासाठी उधारी देऊ नये. त्याऐवजी हंगामापूर्वी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस माहितगार मिस्त्री बसवून सभासदांच्या पिकअपचे कॉम्प्रेशन तपासून द्यावे, आणि कपात करायचीच असेल तर ती चांगल्या प्रतीच्या एअर फिल्टरची करावी.